हाडक्या, अपडेट ११ : सोळाव्या फ्रेमला ठोका

मंडळी, भिडली एकदाची. तलवारीला तलवार भिडली : एक माझ्या भाच्याची, दुसरी हाडक्याची, म्हणजे मी स्टॉप-मोशनमध्ये एकेक फ्रेम हलवत जिवंत करतोय त्या सांगाड्याच्या बाहुलीची. सगळे मिळून दोन सेकंद, तीन ठोके, त्यातला तिसरा जरा गंडलेला. पण पहिले दोन असे बसलेत की आज पहाटे साडेतीनला मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या आणि आई दचकून उठून आली.

मागच्या अपडेटला हाडक्या स्वतःच्या पायावर उभा राहिला होता आणि मी ऐटीत लिहिलं होतं, "आता काय, फक्त लढाई शूट करायची." त्या 'फक्त'नं माझे चार रविवार खाल्ले.

फ्लिकरचं (फ्रेमागणिक उजेड कमी-जास्त होण्याचं) रडगाणं अपडेट ८ मध्ये गाऊन झालंय, ते परत नाही. जुनी मॅन्युअल लेन्स लावल्यापासून तो त्रास संपला. नवीन आलेल्यांनी एवढंच ध्यानात घ्या : समोर दहा इंची हाडक्या, त्याच्या मागे मॉनिटर, मॉनिटरवर भाच्याची प्लेट, म्हणजे त्याचं आधी शूट केलेलं चित्रण, एकेक फ्रेम पुढे सरकते. डायनामेशनचं, म्हणजे पडद्यावरच्या माणसांसमोर बाहुली ठेवून दोघांना एका चौकटीत आणायच्या जुन्या तंत्राचं, गरिबाघरचं रूप. मॉनिटर किंचित आउट ऑफ फोकस ठेवा, म्हणजे मॉरेच्या लाटा (पडद्याच्या ठिपक्यांमुळे उमटणारे पट्टे) दिसत नाहीत. एक्सपोजर अर्धा सेकंद.

तर रडकथा अशी. प्लेटमध्ये भाचा गच्चीच्या जिन्यावर उभा राहून हवेत तलवार चालवतो. मी हाडक्याची तलवार ओनियन स्किनमध्ये (एका फ्रेमवर दुसरी पुसट दाखवणारी सोय) बघून बरोब्बर त्याच्या पात्याला टेकवतो. एकेक फ्रेम पाहिली तर फोटो काढून भिंतीवर लावावा अशी. आणि चालवली की? दोघं एकमेकांना पंख्यानं वारा घालतायत असं वाटतं. पहिल्या रविवारच्या ७४ फ्रेम कचऱ्यात.

आधी वाटलं माझंच मोजणं चुकतंय. एक्स-शीट (कुठल्या फ्रेमला काय हलवायचं त्याचा तक्ता) तीनदा तपासली. मग सापडलं की प्लेट मोबाइलवर घेतली होती आणि मोबाइल हा लबाड प्राणी आहे. ३० फ्रेम सांगतो आणि उजेड कमी पडला की गुपचूप २७ वर येतो, २४ वर येतो. रात्रीची गच्ची म्हटल्यावर काय, पठ्ठ्या सारखा वेग बदलत होता. मी त्याचं २४ करून घेतलं तेव्हा काही फ्रेम दुप्पट झाल्या, काही गायब. प्लेट कॅमेऱ्यावरच घ्या, बाबांनो. हे कुणीतरी मला अपडेट ६ च्या खाली सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझीच चूक.

दुसऱ्या रविवारी प्लेट कॅमेऱ्यावर, नेमक्या २४ वर घेतली. आता वेळ जुळत होती, पण मार बसत नव्हता. हा फरक कळायला मला आठवडा लागला. खऱ्या लढाईत तलवार अडते, कारण समोर लोखंड असतं. भाच्याची तलवार अडत नव्हती, तो ती थांबवत होता. ब्रेक दाबत आणलेली एसटी आणि भिंतीला धडकलेली एसटी, एवढा फरक. डोळ्याला तो लगेच कळतो, शब्दांत सांगता नाही आला तरी.

तिसऱ्या रविवारी मी स्वतः काठी घेऊन चौकटीत उभा राहिलो. भाच्यानं काठीवर मारायचं, नंतर मी स्वतःला पुसून टाकणार. मारणं झकास झालं. पुसताना रात्र गेली, आणि भाच्याच्या कोपरामागे माझी ढेरी काही केल्या जाईना.

इथं थोडं मागं जातो. हाडक्या ज्याच्यामुळे जन्मला तो सांगाडा मी पहिल्यांदा पाहिला गल्लीच्या गणपतीत. मंडळानं भाड्यानं व्हीसीआर आणला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, टीव्ही रस्त्याच्या मधोमध टेबलावर, आम्ही पोत्यांवर. दोन मराठी कॅसेटींच्या मध्ये कुणीतरी 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' घातला. कॅसेट एवढी झिजलेली की सांगाडा निळसर दिसायचा आणि अधूनमधून पडद्याच्या खालून पट्टा सरकायचा. इंग्रजी एका अक्षराचं कळलं नाही. पण गोल जिन्यावर तो सांगाडा ढाल-तलवार घेऊन वर वर जायला लागला आणि पोत्यांवरची पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही लाकडी पट्ट्यांनी लढलो, तेही मुद्दाम हिसके देत, सांगाड्यासारखं. सिंदबाद व्हायला कुणी तयार नव्हतं.

१९५८ चा तो चित्रपट. ब्रिटनमध्ये मुलांना पाहता यावा म्हणून सेन्सॉरनं नेमकी ही लढाईच कापली होती. आमच्या गल्लीला सेन्सॉर नव्हता, नशीब.

त्यात सिंदबाद झालेला कर्विन मॅथ्यूज शूटिंगच्या वेळी हवेशीच लढत होता. तालमीत मात्र त्याच्यासमोर सांगाड्याच्या जागी एन्झो मुसुमेची ग्रेको हा इटालियन तलवारबाजीचा उस्ताद उभा राहायचा. वार आकड्यांनी पाठ केलेले. मग उस्तादानं बाजूला व्हायचं आणि मॅथ्यूजनं तेच आकडे एकट्यानं लढायचे. चित्रपटाचा स्टॉप-मोशन जादूगार रे हॅरीहाउझेन नंतर त्या मोकळ्या जागेत बाहुली उभी करायचा. १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मध्ये तीन माणसं आणि सात सांगाडे झाले (त्यातला एक हा १९५८ चाच, रंग लावून परत कामाला जुंपलेला), आणि ती काही मिनिटांची लढाई पुरी करायला साडेचार महिने गेले. मी काल रात्री ४८ फ्रेम केल्या. पण माझ्याकडे एकच सांगाडा, आणि चूक लगेच मॉनिटरवर दिसते. हॅरीहाउझेनला फिल्म धुऊन येईपर्यंत काही कळायचं नाही. तुलना करू नये.

तर हे सगळं मला पाठ होतं. तुमच्यापैकी निम्म्यांना पाठ असेल. आणि तरी 'आकडे' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

तो शिरवला भाच्यानं. शाळेच्या लेझीम पथकात आहे तो. चौथ्या रविवारी वैतागून म्हणाला, "मामा, तू नुसता 'आता मार, आता मार' ओरडतोस. हलगी लाव ना. चारला मारतो."

मी खाली बसलो. हलगीचा ताल आणि एक-दोन-तीन-चार. ज्या पोराच्या अंगात चार आकड्यांचा ठेका मुरलाय त्याला मी महिनाभर 'अॅक्शन' शिकवत होतो.

मग गणित. मिनिटाला १०० ठोके घेतले तर एका ठोक्याला १४.४ फ्रेम, म्हणजे दहाव्या वाराला सगळं भरकटणार. १२० घेतले तर बरोबर १२, पण तलवार एवढ्या वेगानं फिरवताना पोराचा तोल जातो. ९० ला १६ फ्रेम. सम संख्या, टूजवर (एक पोझ दोन फ्रेम धरायची) नेमक्या आठ पोझ. ९६ मोह पाडतो, पण त्याला १५ येतात आणि टूजवर विषम आकडा म्हणजे रोजची कटकट. ९० पक्कं. मोबाइलवर हलगीचा ठेका करून स्पीकरवर लावला. या कामाला मात्र मोबाइल चालतो.

आता वार नेमका सोळाव्या फ्रेमला येतो. एक्स-शीट एवढी स्वच्छ दिसतेय की फ्रेम करून लावावी.

नजरेचंही इथंच उरकतो. भाच्याची नजर हाडक्याच्या छातीऐवजी कुठंतरी मिरजेच्या दिशेला जायची. आईच्या पाकिटातली मोठी टिकली घेतली, समोरच्या भिंतीवर हाडक्याच्या कवटीच्या उंचीला चिकटवली. काम झालं. खर्च शून्य, आईची बोलणी वेगळी.

तरीही वजनाचा प्रश्न होताच. वेळेवर येतो, पण अडत नाही. हा अपडेट मी काल दुपारी लिहायला घेतला तेव्हा शेवट असाच करणार होतो : वेळ सुटली, वजन राहिलं, कुणाला काही सुचतंय का. आणि आपल्याकडच्या ट्रिकवाल्यांबद्दल एक परिच्छेद घालावा म्हणून बाबूभाई मिस्त्रींचं नाव टाइप केलं. 'हातिमताई'च्या जादूवाले बाबूभाई. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यानं वस्तू हलवल्या म्हणून लोक ज्यांना 'काला धागा' म्हणायला लागले ते.

काळा धागा. माझी गच्ची रात्रीची. काळीकुट्ट.

लॅपटॉप तसाच टाकून उठलो. कल्पना साधी : तलवारीच्या मुठीजवळ धागा बांधायचा, दुसरं टोक भाच्याच्या मागच्या खिळ्याला. लांबी अशी की वार ठरल्या जागी पोचला की धागा ताणला जाईल आणि तलवार झटका बसून अडेल. शिलाईचा धागा पहिल्याच वाराला तुटला. मग कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून चप्पल शिवायचा दोरा आणला. तो तुटता तुटत नाही, पण त्याला मेण असतं आणि मेण चमकतं, प्लेटमध्ये पांढरी रेघ. कोळशाच्या पुडीत चोळून काढला. गायब! पात्याच्या टोकाला बांधू नका, मनगट मुरगळेल. मुठीजवळच बांधा. आमची तलवार हलक्या लाकडी पट्टीची आहे म्हणून हे चालतं, लोखंडी असेल तर या भानगडीत पडू नका.

पहिला वार अडला तेव्हा भाच्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी महिनाभर अभिनय म्हणून मागत होतो. "मामा, हाताला झिणझिण्या आल्या!" म्हणाला आणि लगेच, "परत."

हाडक्याच्या बाजूनं एवढंच केलं : सोळाव्या फ्रेमला टेकवला, दोन फ्रेम तिथंच धरला, मग पात्याचं टोक दोन मिलिमीटर मागं आणि खांदा त्याच्यानंतर. तलवार आधी हलली पाहिजे, खांदा मागून. उलटं केलं की बाहुली दिसते.

इथं एका जुन्या वादात माझी बाजू बदलतोय, शिव्या घालायला मोकळे आहात. मी म्हणत होतो शेवटी सगळ्याला मोशन ब्लर मारू. १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'मधला ड्रॅगन तसाच, गो-मोशननं केलेला. एक्सपोजर चालू असतानाच मोटरी बाहुली हलवायच्या म्हणून हालचाल पुसट यायची. तो ड्रॅगन अजूनही उत्तम आहे, वाद नाही. पण तो खरा वाटतो आणि मला खरा नको. शाळेत आम्ही हिसके देत लढलो ते काही उगाच नाही. प्रत्येक फ्रेम कडक, कोरीव, हाडाहाडाचा हिसका दिसणारी, हेच मला पोत्यावर बसून दिसलं होतं. ब्लर रद्द.

आणि आणखी एक रद्द. पार्श्वसंगीताला झायलोफोनचे सॅम्पल विकत घेणार होतो, कारण संगीतकार बर्नार्ड हेरमननं सिंदबादच्या त्या लढाईला झायलोफोन वापरून हाडं वाजवलीत. आता गाइड ट्रॅकची हलगीच ठेवणार. खऱ्या माणसाकडून वाजवून घेऊन, ९० वरच. कोल्हापूरच्या गच्चीवर लढणाऱ्या सांगाड्याला झायलोफोन कशाला?

याच ओघात सहा हातांची मूर्ती करायचा बेतही पुढं ढकलतो. 'गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद'मधली काली तुम्हाला सगळ्यांना प्रिय आहे, मलाही आहे. (आईला दाखवली होती. "ही कोण? देवीची साडी कुठाय?" एवढंच म्हणाली आणि कांदा चिरायला गेली.) त्या सहा हातांच्या तालमीला तीन माणसं एकत्र बांधून उभी केली होती. माझ्याकडे भाचा एकच आहे.

खरेदीबद्दल दोन ओळी. ऑनलाइन मिळणारा रेडिमेड आर्मेचर (बाहुलीच्या आतला सांध्यांचा सापळा) किट घेऊ नका. माझ्या किटचे गुडघे चौथ्या दिवशी पाघळले आणि विकणाऱ्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. आपल्या उद्यमनगरातले लेथवाले काका जिंदाबाद. सांध्यांना लागणारे बेअरिंगचे छर्रे कडक असतात, ड्रिल घसरतं. काकांनी ते लाल करून राखेत सावकाश गार केले आणि मग लोण्यासारखी भोकं पाडली. हॅरीहाउझेनचे वडील मशिनिस्ट होते आणि पोराच्या आराखड्यांवरून सांधे बनवून द्यायचे. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे मला काका लागतात.

तिसऱ्या ठोक्याचं राहिलं. चाळिसाव्या फ्रेमनंतर हाडक्याचा डावा पाय फळीवरून अर्धा मिलिमीटर उचलला गेला आणि मला दिसलं तेव्हा सेहेचाळीसावी चालू होती. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, टाय-डाउनची (बाहुलीचा पाय फळीला आवळायच्या स्क्रूची) भोकं आवळतात, नट पूर्ण बसत नाही, असा माझा अंदाज. सोमवारपासून भाच्याची घटक चाचणी आहे आणि बहिणीनं तलवार जप्त केली आहे, त्यामुळे नवीन प्लेट आठवडाभर नाही. तोवर फळीला दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारतो.

आज सकाळी दोन सेकंदांची क्लिप काकांना दाखवली. लेथ बंद करून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती सात-आठ वेळा बघितली. मी वाट बघतोय आता म्हणतील, नाद खुळा.

"पायाचं न्हाई हे," म्हणाले. "खुब्यातला स्क्रू ढिला हाय. उद्या घिऊन या त्याला."