मोठं शीड लावताय?

आज तारकर्लीत दुपारी वायव्येचा वारा वाढला आणि मोठ्या शिडाच्या कॅटामरानची (दोन जोडलेल्या सांगाड्यांची होडी) नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेत घुसायला लागली. घुसणारच! होबी या 16 फुटी कॅटामरानला जिब (पुढचं छोटं शीड) धरून साधारण 20 चौरस मीटर शीड असतं. त्याहून मोठ्या शिडासाठी डोलकाठी उंच केली की जोर वर सरकतो, तोलायला मात्र तीच दोन माणसं. त्यात वारा 10 वरून 14 नॉट (ताशी सागरी मैल) झाला की दाब जवळपास दुप्पट. त्यापेक्षा स्पिनेकर (पुढे लावायचं फुगीर जादा शीड) बरा, नको तेव्हा उतरवता येतो. पण तो वर असताना मेनशीट (मुख्य शिडाची दोरी) ढिली सोडू नका. डोलकाठीला मागून ताण तीच देते, नाहीतर काठी मोडते. झोत आला की वजन मागे, होडी वारा जातो त्या दिशेला वळवा. आणि शराउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या) पिना आधी बदला, खारं पाणी तिथेच खातं.