५१ टक्के आणि दिल्लीचा प्रवेश

शनिवार, २६ जुलै २०२५
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

प्रवेश पक्का झाला. दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात, बी. ए. प्रोग्रामला. वर्ग १ ऑगस्टपासून. गावात बातमी फिरली आणि सकाळपासून जो येतो तो एकच विचारतो. शेजारच्या काकू तर दारातूनच म्हणाल्या, "तुले तं मार्क कमी होते ना वं? मंग दिल्लीवाल्यायनं कसं घेतलं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज सगळं लिहून ठेवते.

बारावी आर्ट्सला मला ६०० पैकी ३०७ पडले, म्हणजे ५१.१७ टक्के. इंग्रजीत ३८. आमच्याकडे इंग्रजीला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हते, आणि दिवाळीनंतर मी कॉलेजात नव्हते. कापूस फुटला की घरातले सगळे हात वावरात लागतात. घरचं आटोपलं की दुसऱ्याच्या वेचणीला, किलोमागे दहा रुपये. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला रुततात आणि रात्री पेन धरलं की नेमकं तिथंच ठणकतं. ३०७ हा आकडा त्या हिवाळ्याचा आहे. माझ्या डोक्याचं माप त्यात आलं, असं मी कधीच मानलं नाही.

सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते अभ्यासिकेतल्या ताईकडून. ती पोलीस भरतीची तयारी करते. तिनं सांगितलं, २०२२ पासून दिल्ली विद्यापीठ बारावीच्या टक्क्यांवर यादी लावत नाही, या परीक्षेच्या गुणांवर लावतं. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता! आता बारावी पास असलं की पुरे. टक्के पाहतात ते दोघांचे गुण अगदी सारखे आले तरच. त्या रात्री मला झोप आली नाही.

चार विषयांची फी ओबीसीला १,२७५ रुपये होती. वेचणीच्या हिशेबात सव्वाशे किलोच्या वर कापूस. मायनं एक शब्द न विचारता डब्यातून काढून दिले.

अभ्यास मात्र बराचसा नव्यानं करावा लागला. प्रश्न केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर येतात, आपल्या बोर्डाच्या नाही. आपलं बारावीचं राज्यशास्त्र १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होतं, तिकडे १९५२ ची निवडणूक आणि आणीबाणीही आहे. ती पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. मी हिंदीतली डाउनलोड करून प्रिंट काढून घेतली. प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर कॉम्प्युटरवर असतो. एमएससीआयटीच्या क्लासच्या सरांनी दुपारच्या वेळी रिकामं मशीन वापरू दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अमरावतीच्या सेंटरवर बसले तेव्हा माऊसवर हात स्थिर होता. भाषेच्या पेपरला मराठी घेता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. उतारे वाचून उत्तरं द्यायची. माझा तो पेपर सगळ्यात चांगला गेला.

मला खरं लागून राहिलंय ते वेगळंच. माझ्या वर्गमैत्रिणीला ७८ टक्के आहेत. वर्गात ती माझ्या कितीतरी पुढे. पण फॉर्म १ मार्चला सुटले आणि २४ मार्चला बंद झाले. त्यातले पहिले दहा-अकरा दिवस आमचे बोर्डाचेच पेपर चालू होते. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, तर तिचे बाबा म्हणाले, "आंदी निकाल तं लागू दे, मंग पाहू." आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, त्यांचं काही वेगळं नाही. निकाल लागला ५ मेला. तोवर फॉर्म बंद होऊन सव्वा महिना उलटला होता. मार्क असून ती राहिली, याचा मला राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. कमी मार्कांमुळे पोरं मागे राहतात असं सगळे म्हणतात. आमच्या वर्गातली बहुतेक पोरं तारीख माहीत नसल्यानं राहिली.

दाखल्यांचंही तसंच. प्रवेशाच्या वेळी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. नॉन क्रीमी लेयरही त्याच वर्षीच्या ३१ मार्चनंतर काढलेला हवा. हे सेतूवर आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

दिल्लीची धास्ती आहेच. होस्टेल मिळेल की नाही ठाऊक नाही, वर्गात इंग्रजी किती चालेल तेही नाही. बाबा सोडायला येणार आहेत. सेवाग्रामहून जी. टी. एक्सप्रेस धरायची. निंदणाचे दिवस आहेत, तरी येतो म्हणाले.

काल रात्री मैत्रिणीचे बाबा घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि उठता उठता विचारलं, "मंग पुढच्या साली हे फॉर्म कवा निघते?" या परीक्षेला वयाची अट नाही, आधीच्या वर्षी बारावी झालेल्यांनाही बसता येतं, हे मी त्यांना सांगितलं. माझी पुस्तकांची प्रिंट तिला आजच नेऊन दिली. दाखल्यांची यादी तिच्या वहीत लिहून दिली आणि सेतूवाल्या दादाला तिचा नंबर देऊन आले. फॉर्म सुटला की पहिला फोन तिला करायचा, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.