आमची वाटचाल : आधी घाट, मग पाना

पुण्यात कात्रजला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांचा एक संच, धाकट्याचा आयटीआयचा दाखला आणि माझी चार वर्षांची उमेदवारी. सुरुवातीला पंक्चर, सर्व्हिसिंग, क्लच वायर बदलणं यावरच घर चाललं.

आम्हाला वळण लावलं ते एका सीडी 100 मोटरसायकलने. गाडी शाळेतल्या एका सरांची. चढावर रेस वाढते, गाडी पुढे जात नाही, अशी तक्रार. क्लच स्लिप होतोय, म्हणजे त्याच्या प्लेटा घसरतायत आणि इंजिनचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, हे उघड होतं. मी प्लेटा बदलल्या. तेल मागच्याच आठवड्यात बदललंय म्हणाले, म्हणून त्यांचा खर्च वाचावा या हेतूने काढलेलं तेल गाळून परत भरलं. आठ दिवसांत सर पुन्हा दारात, तक्रार तीच. वायरला प्ले (हवी तेवढी ढील) होता, स्प्रिंगा ठीक होत्या. शेवटी धाकट्याने विचारलं, "सर, तेल कुठलं टाकलंत?" घरी कारचं उरलेलं होतं, तेच टाकलं होतं.

कारचा क्लच कोरडा, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. म्हणून त्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं चालतात. सीडी 100 चा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला. त्यात असं तेल पडलं की प्लेटा पकडच घेत नाहीत. प्लेटा पुन्हा बदलल्या, डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं तेल भरलं, आणि सरांकडून एक पैसाही घेतला नाही. त्या महिन्याचं भाडं उशिरा गेलं. सरांनी मात्र त्यानंतर गाडी दुसरीकडे कधी नेली नाही.

तेव्हापासून आधी मालकाशी बोलायचं, मग गाडी स्वतः चालवायची आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा. जुन्या घाटाने बोगद्यापर्यंतचा चढ आम्हाला सोयीचा. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, थ्रॉटल हळूहळू उघडायचा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, न्यूट्रल पडत नसेल, तर उलटा आजार : क्लच सुटतच नाही. यातही पहिला संशय वायरवर. वायरला अजिबात ढील नसेल तर क्लच घसरतो, फार ढील असेल तर सुटत नाही. इथे दहा मिनिटं घालवली की कित्येकदा कव्हर उघडावंच लागत नाही.

जुन्या बुलेटवाल्यांना तर आम्ही सांगतोच : रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. सकाळी इंजिन बंद असतानाच क्लच दाबून चार-पाच किका मारा, पहिला गिअर कडकन पडणार नाही.

आरएक्स 100 मधले झटकेही लोक क्लचवर ढकलतात. आम्ही आधी मागच्या चाकाकडे जातो. चाक धरून मोठं चेन सॉकेट (चेन बसते ते दात्यांचं चाक) पुढे-मागे हलवलं की हबमधले झटके शोषणारे रबर गेलेत का ते हाताला कळतं. मग चेन. 428 नंबरच्या चेनचे 20 दुवे नवेपणी 254 मिलिमीटर भरतात. 259 च्या पुढे गेले की चेन आणि दोन्ही सॉकेटं एकत्रच बदलायची. जुन्या सॉकेटवर नवी चेन चढवून द्या म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. पूर्वी गिऱ्हाईक तुटेल म्हणून हो म्हणायचो, त्याची आजही खंत वाटते.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत खेपा घालाव्याच लागतात. जुनी प्लेट आणि जाडी मोजायचा व्हर्नियर बरोबर नेतो, कारण एकाच पाकिटातल्या प्लेटांच्या जाडीतही फरक निघालेला पाहिलाय. पत्र्याच्या प्लेटा काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बाक तपासायचं काम आता माझी मुलगी करते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

शेड जाऊन पक्कं दुकान झालंय. येणाऱ्यांना एकच विनंती : चेन धुऊन आणू नका. कुठे गंज चढलाय, ग्रीस कुठे सुकलंय, हे आम्हाला आहे तसं बघायचं असतं.