सूज बंदच का करून टाकत नाही?

"इतकी वर्षं तुम्ही सुजेवर संशोधन करताय, मग ती एकदाची बंदच का करून टाकत नाही?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणारी माणसं बहुतेक वेळा दुखण्याने बेजार झालेली असतात. कुणाची बोटं सकाळी उठल्यावर तासभर मिटत नाहीत. कुणाला आतड्याच्या दाहामुळे घराबाहेर पडायचीच धास्ती बसलेली असते. त्यांची थातुरमातुर उत्तर देऊन बोळवण करणं मला जमत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं काम सूज चेतवणाऱ्या एनएफ-कॅपा-बी नावाच्या प्रथिनाभोवती फिरतं. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींमध्ये सापडलं. प्रतिपिंडाच्या कॅपा साखळीच्या जनुकाजवळ ते डीएनएला चिकटत होतं, म्हणून हे नाव. त्याच वर्षी त्या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि मला ती शोधापेक्षाही मोठी वाटते. हे प्रथिन इतर पेशींतही असतं, फक्त निपचित पडून असतं. पेशीला चिथावलं की ते जागं होतं, आणि त्यासाठी पेशीला नवीन प्रथिन घडवावं लागत नाही. म्हणजे ते आधीच तयार असतं आणि कुणीतरी त्याला धरून ठेवलेलं असतं. धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला पुढे आय-कॅपा-बी म्हणू लागले.

जिवाणूच्या आवरणाचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला लागला, किंवा शेजारच्या पेशीने सोडलेलं टीएनएफ हे चिथावणारं प्रथिन येऊन लागलं, की आत आयकेके नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. ते आय-कॅपा-बीवर फॉस्फेटची खूण करतं, आणि खूण झालेलं आय-कॅपा-बी पेशी मोडीत काढते. मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी काही मिनिटांत केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. त्यातून जी रसायनं तयार होतात त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्ससने पहिल्या शतकात रोममध्ये लिहून ठेवली होती. त्यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच हालचाल असते.

पण चालू होणाऱ्या पहिल्या काही जनुकांमध्ये एक जनुक खुद्द आय-कॅपा-बीचंही असतं. केंद्रकात पाऊल ठेवल्या ठेवल्या हे प्रथिन स्वतःला पुन्हा बांधून घालायची व्यवस्था करतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एनएफ-कॅपा-बीला चमकणारं प्रथिन जोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत त्याचा प्रवास दिसतो. टीएनएफचा थेंब टाकला की काळोखं केंद्रक उजळतं. मग उजेड बाहेर ओसरतो, पुन्हा आत येतो, पुन्हा ओसरतो. एक फेरी साधारण शंभर मिनिटांची. पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री मी प्रयोगशाळेतून हललेच नाही. शेजारच्या दोन पेशीसुद्धा एका ठेक्यात चालत नाहीत, प्रत्येकीची आपली वेगळी लय. इतक्या नेटकेपणाने स्वतःला आवरणारी यंत्रणा आपल्या अब्जावधी पेशींत चालू आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता तुमचा प्रश्न. हे प्रथिन काढूनच टाकलं तर? १९९५ मध्ये उंदरांवर ते करून पाहिलं गेलं. एनएफ-कॅपा-बीचा मुख्य भाग, पी-६५, याचं जनुक काढलेली पिल्लं जन्मालाच आली नाहीत. यकृताच्या पेशी मरत गेल्या आणि गर्भ पोटातच दगावले. पुढे असं दिसलं की टीएनएफचंही जनुक काढलं तर ते गर्भ जन्मापर्यंत तगतात. म्हणजे एनएफ-कॅपा-बी नुसता दाह पेटवत नव्हतं, टीएनएफच्या माऱ्यात यकृताच्या पेशींना जगवतही होतं. त्याच वर्षी उलटा प्रयोगही झाला. आय-कॅपा-बी-अल्फा काढलेली पिल्लं जन्माला आली, पण तीव्र दाहाने आठ-दहा दिवसांत मेली. एकीकडे आवर नाही म्हणून मरण, दुसरीकडे चालूच होत नाही म्हणून मरण.

मला सगळ्यात हलवून गेलेला प्रयोग २००७ मधला आहे. उंदरांच्या फक्त आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून नेमो नावाचं प्रथिन काढलं. नेमोशिवाय आयकेके चालत नाही, म्हणजे त्या पेशींपुरता हा मार्ग बंद. आतड्याची सूज कमी होईल असं कुणालाही वाटलं असतं. झालं भलतंच. त्या पेशी मरू लागल्या, अस्तराला भगदाडं पडली, आतड्यातले जिवाणू आतल्या थरात घुसले आणि उंदरांना मोठ्या आतड्याचा तीव्र दाह जडला. दाहाचा मार्ग बंद केला आणि त्यातूनच दाह झाला. "बंदच करून टाका" असं कुणी म्हणालं की मला हे उंदीर आठवतात.

माणसांतही असे दाखले आहेत. काही मुलांमध्ये जन्मतःच इराक-४ हे विकर नसतं, त्यामुळे जिवाणूंची वर्दी पेशीच्या आत पोचत नाही. २००३ मध्ये या आजाराचं कारण स्पष्ट झालं. या मुलांना न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचे जीवघेणे संसर्ग होतात, आणि तेव्हाही पुष्कळदा ताप जेमतेमच येतो. आईवडिलांना सावध करणारी खूणच हरवलेली असते.

औषधांबाबतही तेच. टीएनएफला अडवणाऱ्या इंजेक्शनांनी संधिवात आणि क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांचं आयुष्य पालटलं. पण २००१ मध्ये इन्फ्लिक्झिमॅब हे त्यांतलंच एक इंजेक्शन घेतल्यावर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षं पेशींच्या गाठींत कोंडलेले असतात, आणि ती कोंडी टिकवायला टीएनएफ लागतं. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी सांगतात. ती टाळू नका.

वेळेचं महत्त्व कोविडच्या काळात सगळ्या जगाने पाहिलं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, दिलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. औषध तेच, मात्रा तीच, फरक आजाराच्या टप्प्याचा.

त्यामुळे आमचा प्रश्न हळूहळू बदलत गेला आहे. सूज सुरू कशी होते हे पुष्कळसं कळलं. ती थांबते कशी, आणि काही जणांत का थांबत नाही, यावर मी काम करते. आय-कॅपा-बी हा एकच लगाम नाही. ए-२० नावाचं प्रथिन आयकेकेपर्यंत जाणारा संदेशच मध्ये तोडतं. ते नसलेले उंदीर २००० मध्ये तयार झाले आणि अवयवागणिक दाह होऊन लहानपणीच मेले. ए-२० सुद्धा एनएफ-कॅपा-बीच घडवून घेतं.

ज्यांची बोटं मिटत नाहीत असं वर म्हटलं, त्या बाईंनी मला विचारलं, "मग माझ्या बोटांत हे लगाम कुठे गेले?" लगाम जागेवर असतात, पण संधिवातात बाहेरून टीएनएफ येतच राहतं. एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं त्यांत टीएनएफचंही जनुक आहे, त्यामुळे एक पेशी दुसरीला चिथावत राहते. इंजेक्शन हे बाहेरचं टीएनएफ पकडतं आणि आतल्या यंत्रणेला हात लावत नाही. म्हणून ते चालतं. त्यांचा सकाळचा तास आता पंधरा मिनिटांवर आला आहे. औषध सोडल्यावर पुष्कळांची सूज परत येते, आणि बऱ्याचदा त्याच सांध्यात येते. तिथल्या अस्तराच्या पेशी आधीच्या दाहाची काहीतरी खूण जपून ठेवतात असं दिसतंय. सध्या माझ्या डिशमध्ये त्याच पेशी आहेत. त्यांना टीएनएफ देऊन, धुऊन, आठवडाभर शांत ठेवून मी पुन्हा तोच थेंब टाकते, आणि केंद्रकातला उजेड या वेळी किती लवकर ओसरतो ते मोजते.