गुळवेलीचा काढा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जिन्यात, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, “तुला एमएस आहे ना? मग इम्युनिटी वाढवायला काय घेतेस?”

काही नाही. माझी इम्युनिटी कमी कुठली, ती माझ्याच मेंदूवर उठलीय.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. रक्तातल्या टी आणि बी पेशी एरवी जंतूंच्या मागावर असतात. मेंदूत त्यांना सहजासहजी शिरता येत नाही, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट. माझ्यात या पेशी भिंतीला चिकटतात, पलीकडे पाझरतात आणि मज्जातंतूंवरच्या मायलिनवर, म्हणजे वायरीवरच्या प्लॅस्टिकवरच म्हणा, तुटून पडतात. मग मेंदूतल्याच मायक्रोग्लिया चवताळतात. या खरं तर घरच्या झाडलोटवाल्या. पण बाहेरची टोळी पांगली तरी यांची धुसफूस वर्षानुवर्षं चालू राहते. हाताशी असलेली बरीचशी औषधं बाहेरच्यांना आवरतात, यांना फारसं नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला हेच आठवतं.

पहिल्यांदा उजवा डोळा गेला. गेला म्हणजे, फिरवला की आत कळ यायची आणि गॅसचं सिलिंडर डाव्या डोळ्याला लाल, उजव्याला धुवून विटलेल्या साडीसारखं दिसायचं. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उजळणारं द्रव्य सोडलं. भिंत जिथे गळत होती तिथे पांढरे ठिपके उजळले. पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सलाईनमधून. तोंडाला लोखंड चाटल्याची चव. सूज उतरली, लाल रंग बराचसा परत आला.

आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब, बी पेशी संपवणारं. म्हणजे मी पैसे मोजून इम्युनिटी कमी करून घेते! फुकट काहीच नाही, साध्या खोकल्यालाही जपावं लागतं. नॅटालिझुमॅब हे औषध तर पेशींना भिंतीला चिकटूच देत नाही; पण मेंदूवरचा पहारा उठला आणि काही रुग्णांत मेंदूला घातक इजा करणाऱ्या जेसी विषाणूनं डोकं वर काढलं. अमेरिकेत 2005मध्ये ते मागे घेतलं, पुढच्या वर्षी कडक अटींवर परत आणलं.

परवा शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा आणला. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली होती, आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, असं मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग च्यवनप्राश तरी?”