डायाब्लो ३, बार्बेरियनची नोंदवही : घोळका कुठे जमवावा

डायाब्लो ३ या खेळाच्या या सीझनमध्ये वर्लविंड (गरगर फिरत मारणे) आणि रेंड (रक्तस्राव घडवणारा घाव) या कौशल्यांवर आधारलेला बार्बेरियन हा योद्धा शंभराव्या ग्रेटर रिफ्टच्या (वेळेची मर्यादा असलेल्या, पातळीगणिक कठीण होत जाणाऱ्या लढाईच्या) पुढे नेत असताना माझे एक मत पक्के झाले आहे. एका टप्प्यानंतर शस्त्रे, दागिने आणि रत्ने यांमधील सुधारणा फार थोडी भर घालते. पंधरा मिनिटांच्या आत रिफ्ट गार्डियन (रिफ्टचा शेवटचा मोठा शत्रू) समोर येणार की नाही, हे शत्रू किती दाट गोळा झाले होते आणि ते कोणत्या जागी गोळा केले होते, यावरच बहुतांशी ठरते. गेअरचा (शस्त्रे, चिलखत वगैरे साहित्याचा) तपशील मागील नोंदीत येऊन गेला असल्याने तो येथे पुन्हा देत नाही. ही नोंद केवळ ग्रुपिंगविषयी, म्हणजे शत्रूंना एका जागी गोळा करण्याविषयी आहे आणि ती एकट्याने खेळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

दाटीला इतके महत्त्व का, हे एरिया डॅमेजच्या हिशोबावरून लगेच ध्यानात येते. आपला फटका एखाद्या शत्रूला बसला की वीस टक्के वेळा त्या फटक्याचा ठरावीक हिस्सा त्याच्या भोवतालच्या १० यार्डांतील इतर सर्व शत्रूंना बसतो. आपला एरिया डॅमेज १०० टक्के आहे असे धरू. पॅरागॉनमधून (कमाल पातळीनंतर मिळणाऱ्या गुणांतून) ५० टक्के मिळतात, खांद्यांचे चिलखत आणि हातमोजे प्रत्येकी २० टक्क्यांपर्यंत देतात आणि शस्त्रांवरही हा गुण मिळू शकतो. त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. दहा शत्रू १० यार्डांच्या आत असतील आणि प्रत्येकाला एकेक फटका बसला, तर प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःच्या फटक्याशिवाय शेजारच्या नऊ जणांकडून सरासरी १.८ फटक्यांइतके नुकसान येते. वीस शत्रू असतील तर हाच आकडा ३.८ होतो. म्हणजे दहांच्या घोळक्यात एकूण २८ फटक्यांचे काम होते आणि वीसांच्या घोळक्यात ९६ फटक्यांचे. शत्रू दुप्पट झाले, पण काम तिपटीहून अधिक झाले. ज्या एलिटला (विशेष गुण असलेल्या बलवान शत्रूला) मारण्यासाठी आपण ताटकळत असतो, त्याच्याभोवती सामान्य शत्रूंची दाटी असेल तर तो त्यांच्यामुळेच लवकर मरतो. म्हणून आधी किरकोळ शत्रू संपवून मग निवांतपणे एलिटकडे वळण्याची सवय या बिल्डला (कौशल्ये आणि साहित्य यांच्या जुळणीला) घातक आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. रेंडसारखे कालांतराने होणारे नुकसान एरिया डॅमेज सुरू करत नाही. ते काम वर्लविंडचे थेट फटके करतात. अँबोज प्राइड हे शस्त्र हाती असले की वर्लविंड फिरत असतानाच रेंड लागत राहतो आणि लॅमेंटेशन हा पट्टा एकाच शत्रूवर रेंडचे दोन थर बसू देतो. त्यामुळे रेंड लावण्यासाठी वेगळे थांबावे लागत नाही आणि सगळे लक्ष आपण कोणत्या वाटेने फिरतो यावर देता येते.

शत्रू ओढून आणण्याची साधने बार्बेरियनकडे बरीच आहेत. माझ्या मते त्यांत ग्राउंड स्टॉम्प या कौशल्याचा रेंचिंग स्मॅश हा रून (कौशल्याचा निवडता येणारा प्रकार) सर्वांत भरवशाचा आहे. तो २४ यार्डांच्या परिघातील शत्रूंना आपल्याकडे ओढतो, मग जमिनीवर आघात करून त्यांना स्टन करतो, म्हणजे काही क्षण जागीच थिजवतो. लीपचा कॉल ऑफ ॲरिअट हा रून उतरण्याच्या जागी शत्रू खेचून घेतो, पण त्याचा परीघ १६ यार्डांचाच आहे. एन्शंट स्पिअरचा हार्पून भाला लागलेल्या शत्रूंना साखळीने आपल्याकडे आणतो, तर रेज फ्लिप त्यांना आपल्या पाठीमागे भिरकावतो. खुद्द वर्लविंडचा हरिकेन हा रून ३५ यार्डांपर्यंतच्या शत्रूंना फिरता फिरता जवळ आणतो. मी सध्या हरिकेन आणि रेंचिंग स्मॅश हे दोनच वापरते. सहाच कौशल्ये निवडायची असतात आणि त्यांत संरक्षणासाठी व फ्युरीसाठी (कौशल्ये वापरण्याच्या शक्तीसाठी) जागा राखावीच लागते, त्यामुळे ओढण्यासाठी तिसरी जागा देणे मला परवडत नाही.

आता या नोंदीच्या मूळ मुद्द्याकडे वळते. ग्रुपिंग म्हणजे दिसेल त्याला ओढणे, असा समज नवख्या खेळाडूंमध्येच नव्हे तर मुरलेल्यांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असा असायला हवा : या घोळक्यात जागचा हलणार नाही असा कोण आहे? जो हलत नाही त्याच्या जागीच घोळक्याचा मध्य असला पाहिजे आणि बाकीच्यांना त्याच्याकडे नेले पाहिजे. जगरनॉट हा गुण असलेला पिवळा एलिट याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्याच्यावर नियंत्रणाचा कोणताही परिणाम होत नाही, त्यामुळे रेंचिंग स्मॅशने त्याचे साथीदार येतात आणि तो मात्र आपल्याच चालीने येत राहतो. अशा वेळी स्टॉम्प दूरवरून मारला तर एका बाजूला साथीदारांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला एकटा जगरनॉट असे दोन तुकडे पडतात. त्याऐवजी आधी जगरनॉटला खेटून उभे राहावे आणि तेथून स्टॉम्प करावा. मग साथीदार त्याच्याच पायाशी येऊन पडतात. ओढलेले शत्रू आपण उभे असतो त्या जागी येतात, हे साधे सूत्र आहे. म्हणून आपण कुठे उभे राहायचे हा निर्णय स्टॉम्पच्या आधी झालेला असला पाहिजे.

रिफ्ट गार्डियनच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. त्याला ओढता येत नाही, पण तो प्रकट होण्याच्या क्षणी आसपास थोडे सामान्य शत्रू शिल्लक असतील, तर त्यांना त्याच्याभोवती आणून एरिया डॅमेजचा लाभ घेता येतो. त्यामुळे प्रोग्रेस बार (गार्डियन येण्यापर्यंतची प्रगती दाखवणारी पट्टी) भरत आला की मी मुद्दाम एखाद्या ताज्या घोळक्याजवळ पोहोचण्याचा प्रयत्न करते.

दूरवरून मारा करणारे शत्रू ही निराळी अडचण आहे. सांगाड्यांचे तिरंदाज, क्विल फीन्ड, सॅक्युबस आणि वाळवंटातील गांधीलमाश्या आपण दिसताच अंतर राखून थांबतात, त्यामुळे त्यांच्या मागे धावत गेल्यास घोळक्याची लांब रांग होते. येथे भिंतीचा कोपरा उपयोगी पडतो. आपण कोपऱ्याआड गेलो की त्यांची नजर तुटते आणि पुन्हा मारा करण्यासाठी त्यांना जवळ यावेच लागते. मेंढरे वाड्याच्या दारातून आत शिरताना जशी एकमेकांना चिकटतात तशी ही सारी मंडळी कोपऱ्यावर एकवटते, आणि त्या क्षणी मारलेला एक स्टॉम्प मोकळ्या मैदानातील तीन स्टॉम्पपेक्षा अधिक काम करतो. अर्थात यासाठी नकाशाही तसा हवा. हॉल्स ऑफ ॲगनीच्या दालनांत असे कोपरे मुबलक आहेत, उलट बॅटलफील्ड्स ऑफ इटर्निटीसारख्या मोकळ्या नकाशात कोपरे जवळपास नाहीत. पण तेथे शत्रूच इतके असतात की मोठे वर्तुळ घेऊन त्यांना मधोमध आणणे सोपे जाते.

घोळका नेत असताना बेन ऑफ द ट्रॅप्ड या रत्नाची मला अनपेक्षित मदत झाली. पंचविसाव्या पातळीनंतर हे रत्न १५ यार्डांच्या आतील शत्रूंचा वेग तीस टक्क्यांनी कमी करते. याचा परिणाम असा की आपल्या अगदी जवळचे शत्रू मंदावतात आणि मागे राहिलेले आपल्या मूळ वेगाने येत राहतात, त्यामुळे लांबलेली रांग हळूहळू आखडत जाते. मात्र आपण फार वेगाने पुढे पळालो तर पुढचेही मागे पडतात. म्हणून घोळका नेताना वर्लविंड सरळ रेषेत न ठेवता मी थोडे पुढे जाऊन पुन्हा मागे वळते. वर्लविंड सुरू असताना शत्रूंच्या अंगावरून आरपार जाता येते, त्यामुळे असे आठाच्या आकड्यासारखे फेरे घेणे शक्य होते आणि त्यात फटकेही वाया जात नाहीत.

स्टॉम्पचा अतिवापर हा स्वतंत्र विषय आहे. ऑब्सिडियन रिंग ऑफ द झोडिअक घातली असेल, तर फ्युरी खर्च करणाऱ्या फटक्यांमुळे कौशल्यांचा कूलडाउन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) एकेका सेकंदाने कमी होतो आणि १२ सेकंदांचा स्टॉम्प दाट घोळक्यात पाहता पाहता पुन्हा हाताशी येतो. तो आला की मारावा, असा मोह होतो. परंतु स्टन, फ्रीझ यांसारख्या कठोर नियंत्रणाला शत्रू हळूहळू प्रतिकार कमावतात आणि नियंत्रण नसलेल्या काळातच तो प्रतिकार ओसरतो. एकाच घोळक्यावर लागोपाठ स्टॉम्प मारत राहिल्यास नंतरचे स्टन तोकडे पडतात आणि ऐन गरजेच्या वेळी, म्हणजे टेलिपोर्टर एलिट घोळक्याबाहेर निसटल्यावर, ओढ कामाला येत नाही. सध्याचा माझा क्रम असा आहे : पहिला स्टॉम्प घोळका जमवण्यासाठी, मग काही वेळ केवळ वर्लविंड, आणि दुसरा स्टॉम्प पांगलेल्यांना परत आणण्यासाठी राखून ठेवायचा. या क्रमाने एका घोळक्यावर लागणारा वेळ नजरेत भरेल इतका कमी झाला आहे.

एलिटच्या काही गुणांचा विचार आधीच करावा लागतो. नॉकबॅक घोळक्यातून आपल्यालाच बाहेर फेकतो आणि वॉलर भिंती उभारून शत्रूंना दोन बाजूंना विभागतो. व्होर्टेक्सची मात्र तक्रार करू नये. तो आपल्याला शत्रूंच्या मध्ये खेचतो, आणि हातघाईची लढाई करणाऱ्या बार्बेरियनला तेच हवे असते. इल्युजनिस्टच्या प्रतिमा वैताग आणतात, तरी त्या घोळका फोडत नाहीत.

किती दूरवरून शत्रू आणायचे, याला घड्याळाचीच मर्यादा आहे. दोन एलिटचे गट एकमेकांजवळ असतील तर ते एकत्र आणणे जवळपास नेहमीच फायद्याचे ठरते, कारण प्रत्येक एलिट मेल्यावर प्रोग्रेसचे जांभळे गोळे टाकतो आणि दोघांच्या साथीदारांची दाटी दोघांनाही लवकर संपवते. मॅलेट लॉर्डसारखा मंद चालणारा राक्षस मात्र लांबून आणण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तो जेथे आहे तेथे घोळका नेणे शक्य असेल तर न्यावा, नसेल तर त्याला सोडून पुढे जावे. पॉवर किंवा कंड्युट पायलॉन (स्पर्श करताच शक्ती देणारे खांब) दिसल्यास मात्र मी नियम बदलते. त्या दोहोंचा लाभ अल्पकाळ टिकतो, म्हणून आधी घोळका पायलॉनपाशी आणून उभा करायचा आणि मगच त्याला स्पर्श करायचा. रिकाम्या बोळात कंड्युट पेटवणारे खेळाडू पाहिले की जीव कासावीस होतो.

चार जणांच्या गटात ही सारी जबाबदारी झेड-बार्ब म्हणून ओळखला जाणारा सहायक बार्बेरियन उचलतो. तो स्वतः नगण्य नुकसान करतो आणि ओढणे, रोखणे व साथीदारांना टिकवणे एवढेच करतो. एकट्याने खेळणाऱ्यांनीही अशा खेळाडूंची हालचाल बारकाईने पाहावी असे मला वाटते. ते गटाकडे पाठ करून शत्रू आणि गट यांच्या मध्ये उभे राहतात आणि रेज फ्लिपने शत्रूंना आपल्या गटाच्या दिशेने टाकतात, म्हणजेच घोळका कुठे पडणार हे त्यांनी आधीच ठरवलेले असते.

पुढील काही रिफ्टमध्ये संरक्षणाच्या कौशल्यांपैकी एक काढून त्या जागी कॉल ऑफ ॲरिअट बसवून पाहणार आहे. स्टॉम्प राखून ठेवण्याच्या काळात निसटलेले शत्रू त्याने परत आणता येतील का, आणि त्या बदल्यात जाणारे संरक्षण शंभराच्या पुढच्या पातळ्यांवर झेपेल का, हे तपासायचे आहे. ज्यांनी वेस्ट्स या चिलखतांच्या संचासोबत लीप वापरली आहे त्यांनी त्यांचे कूलडाउनचे आकडे कळवले, तर तुलना करणे सोपे जाईल.