वेर्ण्यातला एक दिवस

आम्ही सुरू करू पाहतोय त्या नवीन एम.एस्सी.साठी मागणी चाचपायला आज गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत फिरले. विषय औषधनिर्मितीतलं डेटा विश्लेषण. नाव आम्हालाच फार आवडलेलं! एका कारखान्यातल्या क्वालिटीच्या बाईंनी अभ्यासक्रम चाळला नि विचारलं, "ह्यांना बॅच रेकॉर्ड वाचता येईल?" बॅच रेकॉर्ड म्हणजे औषधाची एकेक खेप कशी बनली त्याची नोंद. मी चूप.

मुळात प्रश्नच चुकीचा घेऊन गेले होते. ‘असा कोर्स हवा का?’ म्हटलं की सगळे हो म्हणतात, हो म्हणायला पैसे थोडेच पडतात! ‘कोणत्या जागेसाठी माणूस मिळत नाही?’ विचारल्यावर मात्र लोक खुर्ची पुढे ओढून बोलायला लागले.

संध्याकाळी पणजीच्या कदंब बस स्टँडवर बीएस्सीच्या दोन मुली भेटल्या. त्यांना एवढंच हवं होतं, वर्ग सकाळी ठेवाल का, दुपारी नोकरी असते. हा रकाना आमच्या प्रश्नावलीत नव्हताच.